कुटकी पगारात धरू नका

रामाकोन्याच्या टेसनावर छोटी गाडी लागली तेव्हा आमची अर्धी वस्ती तिथं जमली होती. माझ्यासाठी कोणी आलं नव्हतं, सगळे सिद्धार्थासाठी आले होते. सिद्धार्थ माझा मुलगा. आमच्या वस्तीतून सरकारी मास्तर झालेला तो पहिलाच. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता, अन् त्याची बायको कुसुम डोक्यावर पदर घेऊन खिडकीशी बसली होती. मी ट्रंकेवर बसलो होतो. डब्यात जागा होती, पण ट्रंक माझी होती.

खाली उभा असलेला माझा चुलतभाऊ म्हणाला, "आता काय बुवा, तुमची लॉटरी लागली. पोरगा खुर्चीवर बसून राहीन अन् तुमी खाटेवर."

"खाट सोबत नेऊन नाही राहिलो," मी म्हणालो.

लोक हसले अन् गाडी सुटली. ही ऐंशी सालानंतरची गोष्ट, एशियाडच्या आधीची. बायको आदल्या वर्षी गेली होती. संत्र्याच्या बगीच्यात आळे करणं, पाणी देणं, तोडा आला की रखवाली करणं यात माझा जन्म गेला, पण बगीचा दुसऱ्याचा होता. घराला कुलूप लावून किल्ली चुलतभावाजवळ दिली. रडलो नाही. रामाकोन्याहून सौंसर, सौंसरहून मोटारीनं पांढुर्णा, हा काही परदेश नाही. पण सिद्धार्थाची नेमणूक पांढुर्ण्याच्या वर डोंगरात होती. जिथं मोटार थांबते अन् पुढं पायी जावं लागते, तिथून परदेश सुरू होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी हे काहून लिहून राहिलो, ते आधी सांगतो. यंदाच्या उन्हाळ्यात मी रामाकोन्यात लग्नाला गेलो होतो. मांडवात बोलणं चाललं होतं की मास्तरांची चांदी आहे. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, महागाई भत्ता अन् म्हातारपणी पेन्शन. एक पोट्टा म्हणाला, "एवढ्या पगारात मी झोपेत शिकवीन." मी जेवत होतो. पण मांडवातल्या त्या लोकांना, अन् तिथून जे परासियाला, नागपूरला, भिलाईला गेले त्यांना, एकदा नीट सांगायचं राहिलं. मी दुसरीपर्यंत शिकलो. म्हणून मला पगाराचं कळत नाही, असं कोणी समजू नये. ज्याला उभ्या जन्मात महिन्याचा पगार मिळाला नाही, तो पगाराकडे जास्त बारीक पाहतो.

ते गाव गोंडांचं होतं. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांना कोणी काही विचारायला जावं असं मला वाटत नाही. शाळा म्हणजे एक खोली अन् एक पडवी. आम्हाला राहायला जागा गावच्या पटेलानं, म्हणजे पाटलानं, दिली. त्याचं नाव मंगलू. माझ्याच वयाचा, माझ्याहून बुटका, अन् बोलताना अर्धी मराठी अर्धी हिंदी बोलायचा. भाडं घ्यायला तयार नव्हता, तेव्हा मी त्याच्या गोठ्याची भिंत लिंपून दिली अन् ते भाडं समजलो. तो काय समजला, माहीत नाही.

तिथं आमची बोलीही बदलली. मास्तरचा गुरुजी झाला, पगाराची तनखा झाली, बदलीचा तबादला झाला. शिकवायचं हिंदीत. पोट्टे आपसात गोंडी बोलत, ती सिद्धार्थाला येत नव्हती; पोट्ट्यांनी त्याला शिकवली. तनखा घ्यायला महिन्यातून एकदा खाली पांढुर्ण्याला जावं लागे, अन् ती आली आहे की नाही हे तिथं गेल्यावरच कळे. आली नसली तर मोटारीचं भाडं फुकट जाई. तेल, मीठ, साखर, रॉकेल सगळं खालून डोक्यावर वर यायचं. वरच्या एकुलत्या दुकानात तीच वस्तू घेतली तर डोळे पांढरे होत. खडूचा डबा सरकारकडून आला तर आला, नाही तर सिद्धार्थ आपल्या खिशातून आणी. तपासणीला साहेब येत, तेव्हा कोंबडीही मास्तराच्याच तनखेतून कापली जाई. मांडवातल्या माणसांनी या गोष्टी धरल्या नव्हत्या.

आता मधे एक मागची गोष्ट सांगावी लागते, तिच्याबिगर पुढचं समजणार नाही. आमच्या बापानं रामाकोन्यात गावकी केली. निरोप नेणं, सरकारी माणूस आला की त्याचं ओझं वाहणं, मेलेलं ढोर ओढणं. याला पगार नव्हता. पीक आलं की खळ्यावर जायचं अन् मालक सुपातून वरून टाकेल ते धोतराच्या सोग्यात झेलायचं. त्याला बलुतं म्हणत. मी लहानपणी सोबत जायचो. बाप म्हणायचा, "सगळ्याइच्या मागं उभं राहाचं, अन् जे मिळालं ते पाहून हसाचं." तो हसायचाही. ते हसणं मला आवडत नव्हतं. छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली अन् वस्तीनं गावकी सोडली. त्या सुगीला खळ्यावर आमच्यातलं कोणी गेलं नाही. पोटाला चिमटा बसला, ते खरं आहे. पण सिद्धार्थाला मी लहानपणापासून सांगत आलो: मजुरी घ्यायची, पगार घ्यायचा, पण सूप समोर आलं की हात मागं.

पावसाळा सरला अन् डोंगरात कुटकी निघाली. कुटकी म्हणजे भगरीसारखं बारीक धान्य, तिकडच्या लोकांचं पोट त्याच्यावर. एक दिवस सकाळी मंगलू आमच्या दाराशी आला. सोबत दोन-तीन बाया. पुढच्या बाईच्या हातात सूप, सुपात नवी कुटकी, वरून पळसाचं पान. सिद्धार्थ शाळेत होता. कुसुम सूप घ्यायला पुढं झाली. मी तिला हातानं थांबवलं.

"हे काय होय?" मी विचारलं.

"नवा दाना, दादा. निघाला गावात," मंगलू म्हणाला.

"सरकार मास्तराले तनखा देते. आमी गावाकडून दाना घेत नाही. वापस न्या."

मंगलूनं सुपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बरं," एवढंच म्हणाला. बाईनं पान सारखं केलं अन् ते आले तसे गेले.

कुसुमनं दार लोटलं. ती माझ्यापुढं मोठ्यानं बोलत नसे, त्या दिवशी बोलली. "मामाजी, घरात ज्वारी किती राहिली ते पाहा एकदा. तनखा अजून आली नाही."

"जेवढी आहे तेवढी पुरवू."

"पुरवणार मीच आहे ना," ती म्हणाली अन् चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोट्टे कमी आले. तिसऱ्या दिवशी फक्त दुकानदाराचे आले, अन् मग ते पण कंटाळून घरी पळाले. सिद्धार्थ रिकाम्या खोलीत बसून राहायचा. एक दिवस भर दुपारी घरी आला अन् माझ्यासमोर उभा राहिला.

"बाबा, तुमी सूप वापस केलं म्हणून गाव रुसला."

"रुसू दे. शाळा सरकारची आहे."

"सरकार काय बाकावर येऊन बसते? हाजिरीत पोट्टे नसले तर साहेब मले विचारते, तुमाले नाही."

त्याच दिवसांत कुसुमचा भाऊ भाऊराव आला. तो मूळ लोधीखेड्याचा, परासियाला कोळशाच्या खदानीत लागलेला. अंगात टेरीकॉटचा शर्ट, हातात घड्याळ, अन् बहिणीसाठी साखरेची थैली. बसल्या बसल्या त्यानं खोली पाहून घेतली. खोली पाहायला फार वेळ लागत नव्हता.

"जवाईबापू, हे किती दिवस करता?" तो म्हणाला. "खदानीत भरती निघून राहिली. या हप्त्यात हजर राहा लागते. मी बोलून ठेवलं आहे."

"मॅट्रिक झालेला पोरगा टोपल्यानं कोळसा भरीन?" मी विचारलं.

"मामाजी, कोळसा विचारत नाही कितवी पास म्हणून. मी आठवी नापास. माह्या घरी क्वार्टर फुकट, दवाखाना फुकट, चुलीले कोळसा फुकट. अन् तुमचे मॅट्रिक पास गुरुजी दिव्यात रॉकेल मोजून टाकून राहिले."

"मास्तरकीत मान आहे."

"मान कोणत्या दुकानात चालते ते सांगा. जाऊन मीठ आणतो."

कुसुम पदराआड हसली. सिद्धार्थ हसला नाही. तो जमिनीकडं पाहत म्हणाला, "बाबा, मी जातो भाऊरावसंग. इथं ना धड तनखा, ना पोट्टे. मी कोणाले शिकवून राहिलो?"

खदानीचा मला राग नव्हता. आपले कितीतरी लोक तिथं गेले अन् त्यांनी घरं उभी केली. पण माझा बाप खळ्यावर सगळ्यांच्या मागं उभा राहिला, मी झाडाखाली वाकलो, अन् हा पोरगा फळ्यापुढं सरळ उभा राहिला होता. ते मला जाऊ द्यायचं नव्हतं. त्यासाठी रामाकोना सोडलं होतं. भाऊराव दोन दिवस राहणार होता, तेवढाच वेळ होता.

ऊन उतरल्यावर काठी घेतली अन् मंगलूच्या घरी गेलो. माफी मागायला नाही गेलो, विचारायला गेलो. त्याच्या अंगणात चूल पेटली होती, तिच्यावर नुसता पाला शिजत होता. पडवीत कुटकीची रास तशीच पडली होती, झाकून ठेवलेली. मंगलूनं खाट टाकली.

"पोट्टे शाळेत काहून पाठवून नाही राहिले?" मी बसल्याबरोबर विचारलं.

"पोट्टे आहेत कुठं? मायबापासंग खाली गेले, बगीच्यात मजुरीले. जुना दाना सरला."

"अन् ही रास?"

"ती कशी खाणार? नवा झाला नाही अजून."

मग त्यानं सांगितलं, अन् ते इतक्या सरळ सांगितलं की मला जागच्या जागी बसून ऐकावं लागलं. त्या गावात नवी कुटकी निघाली की देवापुढं गावातली सगळी घरं मोजतात. मोजलेल्या प्रत्येक घरी नवा दाना जातो अन् प्रत्येक घरानं त्यातला एक घास तरी खायचा असतो. त्याला ते नवा म्हणत. शेवटच्या घरानं घास खाईपर्यंत त्या एका घासापलीकडं गावात कोणी नव्या दाण्याला तोंड लावत नाही. यंदा त्यांनी मास्तराचं घर मोजलं होतं. आधीच्या मास्तरांचं कधी मोजलं नव्हतं, कारण ते शनिवारी खाली जात अन् मनात आलं तर बुधवारी वर येत. हा पहिलाच मास्तर बाप अन् बायको घेऊन राहायला आला होता.

"तुमी खाल्लं नाही, तर गाव थांबला," मंगलू म्हणाला.

"मंग मले तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"तू दारात असा उभा होता की बैलसुद्धा आत गेला नसता."

"अन् आमी कधीच नसतं खाल्लं तर?"

"तर अमावस्येले देवाले बकरा देऊन तुमचं घर मोजणीतून उतरवा लागलं असतं. बकरा महाग आहे. म्हणलं पाहू, बुढ्याचा राग आधी उतरते का."

"मले राग नव्हता," मी म्हणालो, अन् त्याला खळ्यावरची गोष्ट सांगितली. बापाची, सुपाची, त्या हसण्याची. त्यानं मधे एकदाही तोंड घातलं नाही. मी थांबलो तेव्हा म्हणाला, "म्हणजे तुले वाटलं आमी मजुरी देऊन राहिलो."

"हो."

"अन् आमाले वाटलं, हा बुढा आमच्या हातचं खात नाही. खालच्या गावात असे लोक आहेत."

"माह्या बापाच्या हातचं पाणी रामाकोन्यात कोणी पीत नव्हतं, मंगलू."

तो चिलीम ओढत राहिला. मग म्हणाला, "मंग तर तुले समजाले पाहिजे होतं."

"मले सूप दिसलं, तू नाही दिसला."

त्यानं चिलीम माझ्याकडं केली. मी ओढत नाही. त्यानं ती परत घेतली. एक गोष्ट मात्र मी तिथंच साफ केली. म्हणालो, "देवापुढं ठेवलेलं मी खाणार नाही. आमचा धर्म वेगळा आहे. हे आजच सांगतो, मागून कटकट नको."

"तुमच्या सुपातलं अलग काढलेलं आहे, देवापुढं गेलंच नाही," तो म्हणाला. "आमचा देव तुले मोजते. तू त्याले नको मोजू."

सकाळी सूप पुन्हा आलं. कुसुमनं घेतलं, मी बाजूला झालो. तिनं तो दाना भातासारखा शिजवला अन् आम्ही चौघांनी, भाऊरावसकट, खाल्ला. थोडा कडसर लागतो, पण चांगला लागतो. मंगलू दारातच उभा होता. आमचा घास गेल्यावर तो रस्त्यावर जाऊन काहीतरी ओरडला, अन् थोड्या वेळात घराघरातून धूर निघाला. कोणी नाचलं नाही, कोणी माझ्या पाया पडलं नाही. लोक जेवायला बसले.

खाली गेलेल्यांना निरोप गेला अन् दुसऱ्या दिवशी शाळा भरली. मी अन् भाऊराव पडवीच्या बाहेर उभे होतो. पहिल्या रांगेतली एक पोरगी सिद्धार्थाला म्हणाली, "गुरुजी, तुमच्यासाठी आम्ही पाला खाऊन राहिलो. आता सोडून नका जाऊ." पोट्टे हसले. सिद्धार्थानं त्यांना गप्प केलं अन् फळ्याकडं वळला. बराच वेळ तो फळाच पुसत होता, अन् फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

सुट्टी झाली तेव्हा भाऊरावनं विचारलं, "मंग, जवाईबापू? येता का?"

"नाही."

"काहून? मान मिळाला का?"

"पोट्टे आले."

"पोट्टे तर खदानीतल्या लोकाइले बी होतात," भाऊराव म्हणाला अन् पिशवी उचलून चालू लागला. जाता जाता बहिणीच्या हातात पैसे दाबून गेला. ते मी पाहिलं अन् पाहिलं नाही असं केलं.

त्या महिन्यातही तनखा उशिराच आली. संध्याकाळी जेवताना सिद्धार्थ मला म्हणाला, "बाबा, मी राहिलो, पण एक सांगून ठेवतो. हा पगार कमीच आहे. मी राहिलो म्हणून तो बरोबर झाला नाही." तेव्हा मला हे बोलणं उर्मट वाटलं होतं.

तिथं आम्ही काही वर्षं काढली. मग तबादला होऊन पांढुर्ण्याला आलो. जाम नदीच्या अलीकडं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पलीकडं सावरगाव दिसते. तोच मास्तर, तोच पगार, उलट थोडा वाढलेलाच, अन् घरात ओढाताण सुरू झाली. खोल्यांचं भाडं, दूध, जळण, चक्कीचं दळण, वर असताना झालेल्या नातीच्या शाळेचे कपडे. डोंगरात जळण रानातलं होतं, भाजी परसातली होती, भाडं मंगलू घेत नव्हता. इथं कोथिंबीरसुद्धा बाजारातून. कुसुम ब्लाऊज शिवायला लागली. सिद्धार्थ शाळा सुटल्यावर व्यापाऱ्यांच्या पोरांच्या शिकवण्या घेतो. ते त्याला आवडत नाही. घरी येतो तेव्हा त्याचा आवाज बसलेला असतो.

तेव्हा मला त्याचं बोलणं कळलं. पगार डोंगरातही पुरत नव्हता. उरलेलं गाव भरून काढत होतं. सरकारच्या कागदावर हे लिहिलेलं नसेल, पण हिशोब करणाऱ्याच्या मनात हेच असावं: मास्तराला थोडं कमी दिलं तरी चालते, लोक मानतात, बाकीचं लोक पाहून घेतील. माझ्या बापालाही गावकीसाठी हेच सांगितलं होतं. तिथं शिव्या होत्या, इथं नमस्कार आहे, फरक एवढाच.

पेन्शन आहे, ती मी नाकारत नाही. सुट्ट्या आहेत. उद्या कामावरून कोणी काढत नाही, हे माझ्यासारख्या माणसाला फार मोठं वाटते. भाऊरावनं लोधीखेड्यात स्लॅबचं घर बांधलं, पण आता खोकतो, अन् बोलता बोलता थांबतो. कोणाचं बरं झालं हे मी ठरवत नाही. पण मांडवात जो पोट्टा म्हणाला की मी झोपेत शिकवीन, त्याला माझं एवढंच सांगणं आहे की पगार मोजायचा तर बाजाराच्या भावानं मोजा. सुट्टी धरा, पेन्शन धरा. मंगलूची कुटकी त्यात धरू नका. ती त्याची अन् आमची गोष्ट आहे, ती सरकारनं दिलेली नाही.

रामाकोन्यातलं माझं घर आता चुलतभावाच्या बैलांचं झालं. त्यानं किल्ली परत करू का विचारलं, मी म्हणालो ठेव. तिथल्या मतदानाच्या यादीतून माझं नाव कटलं. पांढुर्ण्यात घरमालक मला "मास्तरचे बाबा" म्हणतो, माझं नाव त्यानं अजून विचारलं नाही. त्या डोंगरातल्या गावात नवीन मास्तर आला आहे, अन् मास्तराचं घर म्हणून आता त्याचं घर मोजतात. माझं वेगळं मोजतात. काहून, ते मी विचारलं नाही. दरवर्षी कुटकी निघाली की बाजाराला उतरणाऱ्या माणसासोबत मंगलू निरोप धाडतो, अन् मी जातो.

यंदा निरोप काल आला. सिद्धार्थ म्हणतो, "बाबा, गुडघे धड नाहीत. इथंच कुटकीचा एक घास खा अन् त्याच माणसासंग सांगून धाडा." इथं खाल्लेलं तिथं चालते की नाही, मला माहीत नाही. कुसुमनं धोतर धुऊन ठेवलं आहे. उद्याच्या पहिल्या मोटारीनं निघतो. वर लोक जेवायचे थांबले आहेत.